आधी पुस्तक, मग सिनेमा

ती. आई-बाबांना नमस्कार.

शनिवारी कुरिअरवाला येईल. खोक्यात चार पुस्तकं आहेत, औषधं नाहीत. तेव्हा बाबा, खोकं पाहून घाबरून मला फोन लावू नका.

आपण रोज फोनवर बोलतो, पण काय बोलतो? गोळी घेतली का? घेतली. ऊन किती? पंचेचाळीस. मग आई म्हणते, ठेव आता, तुझं बिल वाढून राहिलं. (बिल नाही वाढत गं आता, किती वेळा सांगू!) दुपारभर तुम्ही दोघं रिमोटवरून भांडता, तर म्हटलं भांडायला काही चांगलं तरी पाठवावं.

बाबा, तुमच्यासाठी रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’. आपल्या बुलडाण्याकडची कादंबरी आहे. साक्षरता अभियानात मास्तरांना जुंपलं, निरक्षर म्हातारे काही वर्गात बसेनात, मग कागदं कशी रंगली त्याची गोष्ट. तुम्ही कंदील घेऊन रात्रीच्या वर्गाला जायचे, तेव्हा एकदा मी हट्टानं सोबत आले होते. एक आजी मांडीवर उलटी पाटी घेऊन गाढ झोपली होती आणि तुम्ही शांतपणे वहीत तिच्या नावापुढे ‘प्रगती समाधानकारक’ लिहिलं. मी विचारलं तर म्हणाले, “घोरणं पहा ना किती समाधानकारक आहे.” पुस्तक वाचताना मला पानापानावर तुम्हीच दिसत होते. २००९ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांनी त्यावर सिनेमा काढला, अशोक सराफ आणि मकरंद अनासपुरे दोघंही आहेत. तो हसवतो खरा, पण पुस्तकातली वऱ्हाडी जे हळूच चिमटा काढून सांगते, ते सिनेमात जरा मोठ्यानं सांगितल्यासारखं वाटतं. म्हणून आधी पुस्तक.

हा नियम मी ठेच लागून शिकले. ‘शाळा’ सिनेमा थेटरात पाहिला आणि मग मिलिंद बोकिलांची कादंबरी हातात घेतली. मुकुंदाला माझ्या नववीच्या वर्गातल्या कुण्या पोराचा चेहरा यायला पाहिजे होता, आला तो पडद्यावरच्या पोराचा. शेवटपर्यंत हलला नाही. आपली शाळा त्यात आलीच नाही मग.

तुमचीच आणखी दोन: अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. जब्बार पटेलांनी १९७९चा सिनेमा या दोन्ही एकत्र करून काढला, पटकथा तेंडुलकरांची. तो तुम्ही चारदा पाहिला, पुस्तकं एकदाही नाही! दिगू टिपणीसला शेवटी वेड का लागतं, यावरून दर दिवाळीत काकांशी वाद घालता. आता आधी वाचा, मग घाला. २००७च्या नागपूरच्या संमेलनात अध्यक्ष म्हणून साधूंचं भाषण ऐकायला सकाळपासून जागा धरून बसले होते, तेवढ्या श्रद्धेनं वाचलं तरी पुरे.

आई, तुझ्या डोळ्याला अजून ताण नको, म्हणून तुला एकच आणि तेही बारीक: गो. नी. दांडेकरांचं ‘जैत रे जैत’. नाग्या ढोलियाला मधमाश्यांच्या राणीचा सूड घ्यायचा आहे, आणि चिंधीला नाग्या पाहिजे. मोहन आगाशे, स्मिता पाटील, महानोरांची गाणी, हृदयनाथांच्या चाली. १९७७चा तो सिनेमा तुला पाठच आहे. पुस्तक बाबांनी वाचून दाखवायचं, रोज दहा पानं. मात्र बाबा, मनचं घालायचं नाही. वाचनालयातून आणलेल्या त्या रहस्यकथेचं शेवटचं पान फाटलेलं होतं, तर तुम्ही पुस्तकाकडे पाहत पाहत माळ्यालाच खुनी करून टाकलं होतं. आईनं तो शेवट वीस वर्षं खरा मानला. मागच्या महिन्यात मला अख्खी प्रत मिळाली. खुनी कोण ते मी आईला एकटीला सांगणार आहे.

‘दुनियादारी’ मुद्दाम पाठवली नाही. कॉलेजातली पोरं दिवसभर कट्ट्यावर बसतात म्हणून बाबा दहाव्या पानावर मिटून ठेवतील.

आणि पुस्तकं कूलरजवळच्या स्टुलावर ठेवू नका. मागच्या उन्हाळ्यातला दिवाळी अंक पापडासारखा फुगला होता.

तुमची
चिऊ