कृषिमंत्री साहेब, कांद्यासाठी एक हॅप्लॉइड लॅब काढा

मा. कृषिमंत्री साहेब,

नमस्कार. मी टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करते, कांद्यावर. मागणी एकच आहे, राज्यात डबल्ड हॅप्लॉइडची (निम्मेच क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, असलेलं रोप घेऊन ती दुप्पट करायचं तंत्र) एक कॉमन लॅब काढा, जिथे कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या ब्रीडरला आपलं मटेरियल पाठवता येईल.

कांद्याचं हायब्रीड करायचं तर आधी शुद्ध लाइन लागते, म्हणजे जिची सगळी झाडं पिढ्यानपिढ्या सारखीच निघतात अशी, आणि कांद्यात बी ते बी साधारण दोन वर्षं जातात, पहिल्या वर्षी कांदा, दुसऱ्या वर्षी गोंडे, अशा पाच-सहा पिढ्या म्हणजे दहा-बारा वर्षं गेली, त्यात सेल्फिंग (झाडाचं त्याच्याच परागाने फलन) करत गेलं की झाडं दुबळी होतात आणि बऱ्याच लाइन वाटेतच संपतात. हॅप्लॉइड रोपात क्रोमोसोम 16 ऐवजी 8 असतात, ते कोल्चिसिन या रसायनाने डबल केले की लाइन एका पिढीत शुद्ध.

काम मात्र फार चिकाटीचं आहे. हॅप्लॉइड रोपं मिळवायला न उमललेल्या कळ्या चिमट्याने एकेक खुडायच्या, निर्जंतुक करून बाटलीतल्या मीडियावर (पोषक द्रव्यांच्या थरावर) ठेवायच्या, मग दोन-तीन महिने नुसतं बघत बसायचं. शंभर कळ्यांमागे कधी दोन रोपं, कधी एकही नाही. पण सुकलेल्या कळीतून तो हिरवा कोंब डोकावतो ना साहेब, तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी येतं. मागच्या मे महिन्यात लाइट गेली, जनरेटरला डिझेल नव्हतं, ग्रोथ रूम तापली आणि अडीच महिन्यांच्या बाटल्या मी स्वतःच्या हाताने फेकल्या.

हे तंत्र काही परकं नाही हो. 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून हॅप्लॉइड रोपं मिळवली, जगभरच्या लॅब त्यानंतर या कामाला लागल्या. शेजारी कर्नाटकात कुणिगलला मक्यासाठी अशी सोय 2021 पासून आहे. तिकडे दाण्याच्या रंगावरूनच हॅप्लॉइड ओळखतात, माथा जांभळा आणि आतला कोंब पांढरा असला की दाणा बाजूला काढायचा. कांद्यात असा सोपा रंग नाही, प्रत्येक रोप तपासावं लागतं, म्हणून तर माणसं आणि मशिनं जास्त लागतात.

इमारत नवीन नको, राजगुरुनगरला कांदा-लसणाची केंद्राची संशोधन संस्था आहेच, त्यांच्याशी बोलून सुरुवात करा. चोवीस तास वीज आणि कायम पगारावरचे चार टेक्निशियन एवढं तरी द्या. रब्बी कांद्याचे गोंडे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, कळ्या योग्य वयाच्या असतात ते दिवस मोजकेच, तेवढ्यात निर्णय झाला नाही तर आमचं अख्खं वर्ष जातं.

आपली,
लॅबमधली एक असिस्टंट