तक्रार पत्र: विकता येईना, टाकता येईना अशा वस्तूंनी भरलेली बॅग

दि. १२ नोव्हेंबर २०२५
सांगली

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

विषय: आपल्या ऑनलाइन गेममधल्या बॅगेत अडकून पडलेल्या वस्तूंमुळे भावाने पाठवलेली भेट गमावल्याबद्दल.
संदर्भ: माझे सपोर्ट तिकीट (आपल्या मदत विभागाकडे नोंदवलेली तक्रार), दि. २७ ऑक्टोबर २०२५.

महोदय / महोदया,

मी २०२१ पासून आपला गेम खेळते. धाकटा भाऊ त्याच वर्षी नोकरीसाठी डब्लिनला गेला, आणि शनिवारची रात्र आम्ही दोघांनी या गेमसाठी राखून ठेवली. फोनवर ‘जेवलास का, थंडी किती आहे’ एवढ्यावर बोलणे संपते. रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून लढायच्या मोठ्या लढाईत, मात्र दोन-दोन तास गप्पा होतात, मधूनच आईही येऊन बोलून जाते.

यंदा २३ ऑक्टोबरला, भाऊबीजेला, मी त्याला व्हिडिओ कॉलवर ओवाळले आणि त्याने ओवाळणी म्हणून गेमच्या मेलमधून सहा नगांचा पूर्ण आर्मर (चिलखत) सेट पाठवला. तो त्याने चार महिने रेड करून एकेक नग जमवला होता. मी क्लेम दाबले, तर ‘बॅगेत पुरेशी जागा नाही’ असा संदेश आला. पार्सल एकदमच उघडते, त्यातले सुटे नग काढता येत नाहीत. पाठवणाऱ्यालाही ते मागे घेता येत नाही. ६ नोव्हेंबरला मेलचे १४ दिवस भरले आणि सेट पुसला गेला. तो मला मिळाला नाही आणि भावाकडेही परत गेला नाही.

माझ्या बॅगेत ८० स्लॉट, म्हणजे वस्तू ठेवायचे कप्पे, आहेत. त्या दिवशी मी वही घेऊन बसले आणि एकेक वस्तू मोजली. ५१ स्लॉट अशा वस्तूंनी अडलेले निघाले, ज्या व्हेंडर (गेममधला दुकानदार) घेत नाही, दुसऱ्या खेळाडूला देता येत नाहीत, मोडून त्यांचे साहित्य होत नाही आणि ज्यांना डिलीटचे बटणच नाही. त्यात १४ स्लॉट जुन्या इव्हेंटच्या कूपनांचे आहेत. २०२२ च्या दिवाळी इव्हेंटचे कूपन २०२३ च्या कूपनावर चढत नाही, म्हणून दर वर्षाला वेगळा स्लॉट जातो, आणि ती कूपने घेणारे दुकान इव्हेंट संपताच बंद होते. ११ स्लॉटमध्ये पूर्ण झालेल्या क्वेस्टच्या (गेममधल्या कामगिऱ्यांच्या) किल्ल्या, चिठ्ठ्या आणि नकाशाचे तुकडे आहेत. पहिल्या पाच लेव्हलसाठी दिलेली औषधे ९ स्लॉटमध्ये पडून आहेत; आता माझ्या लेव्हलला ती पिताही येत नाहीत. उरलेल्या १७ स्लॉटमध्ये लकी बॉक्समधून, म्हणजे आत काय निघेल हे नशिबावर असलेल्या खोक्यांतून, दुसऱ्यांदा आलेली स्किन्स (पात्राचे पोशाख) आणि घोडे आहेत. ते आधीच माझ्याकडे असल्यामुळे वापरता येत नाहीत. हे बॉक्स मी पैसे देऊन घेतले होते.

राहिलेल्या २९ स्लॉटमध्ये माझी शस्त्रे, रेडची औषधे आणि क्राफ्टिंगचे (वस्तू बनवण्याचे) साहित्य होते. साहित्य विकून मी चार जागा केल्या. आणखी दोन जागांसाठी रोज वापरातली शस्त्रे विकावी लागली असती, म्हणून थांबले आणि २७ ऑक्टोबरला तिकीट टाकले. हातात दहा दिवस होते. लगेच आपोआप पाठवलेली पोच आली. त्यानंतर थेट ८ नोव्हेंबरला, मेल पुसला गेल्यावर दोन दिवसांनी, उत्तर आले: ‘अधिक जागेसाठी बॅग एक्स्पान्शन खरेदी करा.’ मेलविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. १४९ रुपयांना १० स्लॉट या दराने मी २०२३ मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये एकदा बॅग वाढवली आहे. ६० स्लॉटचे ८० झाले, आणि वाढवलेल्या जागेतही आपलीच कूपने येऊन बसली. तिसऱ्यांदा पैसे भरले असते तर ओवाळणी वाचली असती, हे मला कळते. पण वस्तू तुम्ही भरायच्या, त्या बाहेर काढायची वाट बंद ठेवायची आणि जागेचे पैसे खेळाडूकडून घ्यायचे, हे मला पटले नाही. तिकिटाला वेळेत उत्तर मिळेल असा भरवसाही होता.

वस्तू खात्याला बांधून ठेवण्यामागचे कारण मी समजू शकते. नवख्यांना मिळणारी औषधे विकता आली, तर लोक शंभर खाती उघडून तीच गोळा करत बसतील आणि बाजारभाव कोसळतील. त्यामुळे ‘विकता येणार नाही’ याला माझी हरकत नाही. ‘टाकताही येणार नाही’ याला आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ पासून चालू आहे. तिथे राखाडी रंगाच्या निरुपयोगी वस्तूही व्हेंडर चार पैसे देऊन घेतो. दुर्मिळ वस्तू नष्ट करायची तर ‘डिलीट’ हा शब्द स्वतः टाइप करावा लागतो, म्हणजे चुकून काही जात नाही. न घेतलेल्या मेलमधली वस्तू पाठवणाऱ्याकडे परत जाते. गिल्ड वॉर्स २ या दुसऱ्या गेममध्ये क्राफ्टिंगच्या साहित्याला बॅगेबाहेर वेगळे कोठार आहे. म्हणजे ही अडचण सोडवण्याच्या वाटा इतरांनी कधीच शोधलेल्या आहेत.

मी औषधाच्या दुकानात काम करते. दर महिन्याला एक्स्पायरी तपासून मुदत संपलेला माल आम्ही वेगळ्या खोक्यात काढतो, आणि तो स्टॉकिस्टकडे (आम्हाला माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याकडे) परत जातो. ज्याने माल दिला त्याने तो परत घ्यायचा, हे आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात. फडताळ अडवून ठेवून गिऱ्हाइकाला ‘नवे फडताळ विकत घे’ असे आम्ही म्हणू शकत नाही.

आपण माझ्याकडून रुपयांत पैसे घेता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. डार्क पॅटर्नबाबत, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनांबाबत, केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांत फसव्या रचनांचे १३ प्रकार दिलेत. जादा खरेदी करणे भाग पडेल अशी सक्ती करणे हा त्यांतला एक. माझ्या मते आपली बॅग त्याच्या फार जवळ जाते. निवारण झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

सगळ्यात आधी मला तो आर्मर सेट परत हवा आहे. मेलची नोंद आपल्या सर्व्हरवर असेल; पाठवल्याच्या दिवशीचा स्क्रीनशॉट भावाकडे आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्या खात्यात देता येत नसेल तर त्याच्या खात्यात द्या. त्यानंतर बांधलेल्या प्रत्येक वस्तूला, एकदा विचारून का होईना, नष्ट करण्याचे बटण द्या. क्वेस्ट संपली की तिच्या किल्ल्या आपोआप जाव्यात. पैसे देऊन घेतलेल्या बॉक्समधून दुसऱ्यांदा आलेल्या स्किनबद्दल खेळाडूला काहीतरी परत मिळावे, निदान थोडे गोल्ड तरी. आणि मेलची मुदत संपली की वस्तू पाठवणाऱ्याकडे जावी. ओवाळणी हरवली हे भावाला सांगताना मला जे वाटले, ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये.

उत्तर मराठीत द्या की इंग्रजीत, मला चालेल. मात्र हे पत्र पूर्ण वाचलेल्या माणसाने ते लिहावे, एवढी विनंती आहे.

आपली विश्वासू,
चार वर्षांपासूनची एक खेळाडू

सोबत: मेलचा स्क्रीनशॉट, ५१ वस्तूंची यादी, दोन्ही बॅग एक्स्पान्शनच्या पावत्या.