बंड्या, लाल डब्याचं तुलाच सांगायचं होतं

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुझा एक फोन उचलला नाही, मेसेजला नुसते अंगठे पाठवले, शिव्या घालायच्या तर घाल पण आधी हे वाच. तब्येत ठीक, गुडघा दुखतो, आई बरी आहे.

झालं असं की माझ्या सेकंड शिफ्टला सीएनसीवर, त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एक पोरगं आहे, आयटीआय करून आलेलं, हात एकदम चांगला. मागच्या बुधवारी त्यानं बोरिंगचा इन्सर्ट, म्हणजे कापायची टीप, बदलला आणि मशीनच्या ऑफसेटला, म्हणजे टूलच्या मापाच्या दुरुस्तीला, वीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मायनस द्यायचे तिथं प्लस दिले. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ एच ७, म्हणजे २५ मिलिमीटरच्या वर फक्त २१ मायक्रॉनची मुभा, तुला काय सांगायचं! फर्स्ट पीस बघायला इन्स्पेक्टर जागेवर नव्हता, टार्गेट मागं पडलेलं, पोरानं तसंच रेटलं. ३८ पीस झाल्यावर गेज लावला तर नो-गो, म्हणजे जे टोक आत जायलाच नको, ते सरळ आत. त्यानं ऑफसेट नीट केला, पण ते पीस रिजेक्टच्या लाल डब्यात टाकायच्या ऐवजी ओकेच्या ट्रेमध्ये खालच्या थरात लावून टाकले. मोठं झालेलं बोअर काय रिवर्क होत नाही. चौथ्या दिवशी चाकणहून कस्टमरचा फोन.

मीटिंगमध्ये पहिला प्रश्न, "कोणी केलं, नाव सांगा." मी म्हणालो, शिफ्ट माझी आहे, उत्तर मी देतो, आधी लॉट तपासू. आणि बंड्या, तेव्हा मला तूच दिसलास रे. रेडियल ड्रिलच्या जिगचा, म्हणजे पीस धरायच्या साच्याचा, स्टॉपर ढिला आहे हे मला त्या दिवशी सकाळपासून माहीत होतं. काम बिघडलं त्याचं तुला सगळ्यांसमोर उभं करून झापलं, पगार कापला, आणि मी कॉटन वेस्टनं हात पुसत खाली बघत राहिलो. आपलं भांडण पेट्रोलच्या पैशांवरनं झालं असं अजून सगळे समजतात, तूही कधी कुणाला खरं सांगितलं नाहीस. आठवतं का, आयटीआयचे सर सांगायचे, १९७९ ला एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात पडलं तेव्हा इस्रोचे अध्यक्ष धवन स्वतः पत्रकारांपुढे गेले, जबाबदारी माझी म्हणाले, आणि १९८० ला यान वर गेलं तेव्हा कलामांना पुढं केलं. आपण दोघांनी बाक वाजवले होते. सरांनी हे सांगितलं त्याच वर्षी मी तुझ्या वेळी गप्प बसलो.

तर पोराला कॅंटीनच्या मागं घेऊन गेलो, विचारलं, का लपवलंस? बराच वेळ बुटानं माती उकरत उभा होता. मग म्हणाला, "सर, मागच्या महिन्यात तुम्ही मामांना सगळ्यांसमोर बोललात ना, तेव्हापासून बटण दाबायची भीतीच वाटते." मामा म्हणजे आमच्या शिफ्टचे जुने कामगार, आणि बटण म्हणजे मशीनवरच्या लाल दिव्याचं, अडचण आली की दाबायचं. टोयोटात दोरी ओढली की टीम लीडर मदतीला धावत येतो, त्यावरनंच आमच्याकडे ते बसवलंय. धावत मीही जायचो, पण ओरडायला. दोन वर्षांत तो दिवा कितीदा पेटला ते बोटांवर मोजता येईल आणि मला वाटायचं लाइन छान चाललीय.

त्याला सोडूनही दिलं नाही हां. दोन रात्री आम्ही दोघं चाकणला सॉर्टिंगला. कस्टमरच्या क्वालिटीवाल्याला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं काय झालं ते, मी शेजारी उभा. मग एकेक पीस, गो आत, नो-गो बाहेर, निळ्या मार्करचा ठिपका, पुढचा. ३७ सापडले, एक सापडेना. पहाटे चारला पोरगं असेंब्लीच्या टेबलाखालचा ट्रे उपसत होतं, नो-गो आत गेला तसा तो पीस हातात धरून रडायलाच लागला. तिथला चहा मात्र तुझ्या चहासारखा, पाकात बुडवलेला, तुझी लय आठवण आली.

पण खरी काळजी मामांची आहे. २६ वर्षं सर्व्हिस, गेज जागेवर ठेवलं नाही एवढ्यावरनं मी त्यांना फाडून खाल्लं होतं. परवा ते म्हणाले, "पोराला पाठीशी घातलंत, मला चारचौघांत काढलंत." आणि टिफिन उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. त्यांचं काय चुकलं? मॅनेजर म्हणतात केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणा, शिफ्टसमोर माफी मागितलीत तर वचक राहणार नाही. बोललो सगळ्यांसमोर आणि माफी दार लावून, हे मला पटत नाही. पण मामा तरी खूश होतील का? त्यांना परत चारचौघांत उभं केल्यासारखं होईल का? रात्री झोप लागत नाही.

नवीन फ्लॅटचं अभिनंदन, पोरीला दहावीसाठी शुभेच्छा, वहिनींना नमस्कार, वास्तुशांतीला येतो नक्की.

सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे लाइनवर उभे असतात, तेव्हाच बोलायचं मनात आहे. त्याआधी एक सांग, इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही. त्या दिवशी ड्रिलपाशी, तुला माझ्याकडून काय हवं होतं?

तुझा,
दाद्या