कोरी पानं बघणाऱ्या बाईंना

बाई, नमस्कार. तुम्हाला फोनवर थँक्यू म्हणायला गेले की माझा आवाजच बसतो, म्हणून लिहून टाकतेय, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून इथेच लिहितेय.

2011 मध्ये मी पाचवीत होते. तुम्ही जुनी पुस्तकं गोळा करत होतात आणि माझं चौथीचं गणिताचं पुस्तक हातात घेऊन बराच वेळ चाळत बसलात. अर्ध्यापर्यंत पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, आणि पुढची सगळी कोरी करकरीत. दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक यायचा आणि आम्ही सगळे बीडहून कोल्हापूरकडे ऊसतोडीला जायचो ते थेट मार्च-एप्रिललाच परत. म्हणजे दिवाळीनंतर वर्गात जे शिकवलं ते मला कधीच भेटलं नाही. अपूर्णांक नाही की भागाकार नाही. आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा कायदा होता, त्यामुळे मी दरवर्षी वर ढकलली जात होते आणि सगळे म्हणायचे पोरगी जरा मंद आहे, मलाही तेच खरं वाटायचं.

माझ्याच बाकावरच्या मैत्रिणीचे पप्पा गुरुजी होते, घरी टेबल, लाईट, रोज गृहपाठ तपासणारं माणूस. आमच्या खोपीत मी दिवसभर धाकट्याला सांभाळायची, आई-अण्णा पहाटेपासून उसाच्या फडात. आईला अक्षर येत नाही, पण कोणत्या दिवशी किती मोळ्या झाल्या ते तिला तोंडपाठ असायचं, डोकं तिच्यातही होतंच की!

तुम्ही ट्रक यायच्या आधी तीनदा घरी आलात. आई म्हणाली, "धाकल्याला कोन बघंल वो बाई?" तुम्ही तिला शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही, त्याचं मला आजही फार कौतुक वाटतं. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं लागतात, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही आजीशी बोललात, गावात राहू शकतील अशा पोरांची यादी केलीत आणि हंगामी वसतिगृहासाठी मागे लागलात. दोन्ही वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीकडे. धाकट्यालाही आजीनेच ठेवून घेतलं. संध्याकाळी जेवण होईपर्यंत तुम्ही मला तिसरीच्या भागाकारापासून शिकवलंत, पाचवीतल्या पोरीला तिसरीचं, आणि कुणासमोर तसं कधी बोलला नाहीत. किती जपलंत मला.

त्या वर्षी पहिल्यांदा माझं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत मळलं.

आता मी पुण्यात मेडिकलवर फार्मासिस्ट आहे. रोज डोसाचा हिशोब करते, अर्धी गोळी, पाव गोळी, बाई, अपूर्णांकच की ते.

आई-अण्णा यंदाही जाणार आहेत. धाकटा दहावीला आहे, तो गावातच थांबतोय. दिवाळीत त्याला घेऊन तुमच्याकडे येते, त्याची पुस्तकं पण आणते.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची