नोंदींतला मराठी मजकूर बिघडल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ॲपच्या अपडेटनंतर माझ्या जुन्या नोंदींतील देवनागरी मजकूर नष्ट होत असल्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या नोंदवही ॲपची मी अनेक वर्षांची सशुल्क ग्राहक आहे. बोलीभाषेतले शब्द मी त्यात साठवत आले. शब्द, तो कुणी सांगितला, कोणत्या वाक्यात वापरला, एवढी प्रत्येक नोंद. सांगणाऱ्यांपैकी काही म्हातारी माणसे आता हयात नाहीत. त्यांच्याकडे जाऊन पुन्हा विचारता येणार नाही, म्हणूनच हे पत्र.

नव्या अपडेटनंतर जुन्या नोंदी उघडल्या, तर 'म' च्या जागी तीन चिन्हे दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए', मग चार कोपऱ्यांना छोट्या रेघा असलेले वर्तुळ, आणि मग वर्तुळातला 'आर'. 'अंश' चे चिन्ह असेल तिथे त्याच्या आधी टोपी घातलेला रोमन 'ए' येऊन बसला आहे. पूर्ण पान असेच.

तुमच्या प्रतिनिधींनी दोनदा एकच उत्तर दिले: 'फॉन्ट बदला, ॲप पुन्हा टाका, ही फक्त दिसण्याची अडचण आहे.' हे मला मान्य नाही. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर रिकामी चौकट दिसते, एका अक्षराची तीन परकी चिन्हे होत नाहीत. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक नेहमीचे चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे साठवणीच्या तीन छोट्या एककांचे असते. तुमच्या अपडेटने ते बाइट विंडोज-१२५२ या एका बाइटाला एक चिन्ह मानणाऱ्या जुन्या पद्धतीचे समजून एकेक करून वाचले आणि तसेच पुन्हा साठवले. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे 'नवी भाषा, नवी अडचण' असेही म्हणता येत नाही.

एवढेच असते तर मजकूर उलट फिरवून परत मिळाला असता. मी स्वतः निर्यात केलेल्या फाइलवर तसा प्रयत्न करून पाहिला. 'म', 'क', 'र' परत आले. पण विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, आणि ए, ऐ, झ यांचे शेवटचे बाइट नेमके त्याच जागांवर पडतात. तिथे तुमच्या रूपांतराने प्रश्नचिन्ह टाकले आहे. म्हणजे 'एक', 'ऐक' आणि 'झक' हे तिन्ही शब्द आता माझ्या फाइलमध्ये अगदी सारखेच आहेत. पाय मोडण्याचे चिन्हही गेले, पण जोडाक्षर कुठे असणार हे निदान अंदाजाने भरता येते. 'ए' होता की 'झ' हे मात्र कुणालाही सांगता येणार नाही. बोलीतला अनोळखी शब्द असेल तर अंदाजही चालत नाही.

आणि बिघाड वाढतो आहे. अशी एक नोंद मी नुसती उघडली, ॲपने ती आपोआप जतन केली, आणि एका 'म' ची सहा चिन्हे झाली. तेव्हापासून मी एकही जुनी नोंद उघडलेली नाही.

अपडेटनंतर लिहिलेल्या नोंदी वाचता येतात, पण त्यांतही एक दोष आहे. माझ्या कळफलकावर 'दऱ्या' लिहिताना र, हलन्त आणि त्यांना जोडणारे एक अदृश्य चिन्ह येते. तुमचे ॲप ते अदृश्य चिन्ह गाळते आणि 'दर्या' उरतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. शब्दसंग्रहात ही चूक खपवून घेण्यासारखी नाही.

माझ्या खात्यावरचे आपोआप जतन करणे ताबडतोब थांबवा. अपडेटच्या आधीची बॅकअप प्रत नव्या प्रतीने पुसली जाण्याआधी वेगळी काढून ठेवा, आणि माझ्या नोंदी त्या प्रतीतूनच परत द्या. आत्ताच्या बिघडलेल्या मजकुरावर दुरुस्तीचा प्रयोग करू नका, कारण प्रश्नचिन्हांच्या जागी काय होते ते त्या मजकुरात उरलेलेच नाही. जुनी प्रत तुमच्याकडे आहे की नाही, हे मला सात दिवसांत लेखी कळवा. 'प्रदर्शनातील त्रुटी' म्हणून ही तक्रार तिसऱ्यांदा बंद करू नका.

सोबत निर्यात केलेली फाइल, अपडेटआधी छापलेले एक पान आणि त्याच पानाचा आत्ताचा स्क्रीनशॉट जोडला आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

आपली,
एक जुनी ग्राहक