फ्लॅट घेतलाय, पण कोंढव्यात नाही

प्रिय अम्मी आणि अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

टोकन देऊन झालंय, तेव्हा आता फोनवर नको-नको करू नका. तुमच्यासाठी, इथे पुण्यात माझ्याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर, भाड्याने. "कोंढव्यात बघ, तिथे आपलीच मुसलमान वस्ती, कुणी काही विचारणार नाही," हे अब्बांचं म्हणणं मी विसरले नाहीये. पण रात्री-अपरात्री अब्बांची शुगर उतरली तर कोथरूडहून मी पोचणार कधी? मागच्या पावसाळ्यात जे झालं ते मला पुन्हा नको.

लोक विचारतील. मलाही विचारतात. "पाणीसुद्धा नाही प्यायचं?" हे दर रमजानला लिफ्टमध्ये ऐकू येतंच. "पहाटेपासून मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत, थेंबही नाही," एवढं सांगायचं, हसायचं. "तुमचा महिना दर वर्षी सरकतो कसा?" याला मी अब्बांचंच उत्तर देते: चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यात आमच्याकडे अधिक महिना नाही, म्हणून दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये रमजान दोनदा लागणार, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर, म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बोटांवर महिने मोजायला लागतात. बहुतेकांना खरंच माहीत नसतं हो.

खटकतं ते एकच. "मुसलमान वाटतच नाही तुम्ही, मराठी किती छान!" अम्मी, तुझा पदर बघून तुला हे हमखास म्हणतील. मनाला लावून घेऊ नकोस. "चिपळूणची मी, दुसरं काय बोलणार?" म्हण आणि कोथिंबीर निवडायला लाग. आणि कुणी वाकड्यात शिरलंच, तर गप्प बसा. कुठे कुणी काय केलं याचा जाब तुम्ही द्यायचा नाही.

अब्बा, वजूसाठी, नमाजाआधी हात-पाय धुवायला, बाथरूममध्ये खाली, बसून हात पोचेल असा वेगळा नळ बसवून घेतलाय. समोर स्टूल. भिंतीला हात लावून बेसिनमध्ये पाय उचलायची ती कसरत बंद. आतल्या खोलीतली पश्चिमेची भिंत मोकळी ठेवलीय, किब्ल्यासाठी, मक्केच्या दिशेला, जरासं उजवीकडे वळा. नमाज खुर्चीवरच. लहानपणी तुम्ही जमिनीला डोकं टेकून सजद्यात गेलात की मी पाठीवर चढून बसायचे, आणि मी उतरेपर्यंत तुम्ही डोकं वर काढायचा नाहीत. त्या गुडघ्यांनी तेव्हा खूप सोसलंय.

आता रोज्यांचं. रागावू नका. इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलंय. आजाऱ्याला सूट खुद्द कुराणात आहे, सूरह बकरामध्ये, आणि रोजा झेपण्यासारखा नसेल तर फिदया, एका रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. मला हे कुणी शिकवलं? दिवसा तुम्हाला चहा घेताना बघून "काका, आज उपवास नाही?" असं कुणी विचारलं, तर "आजाऱ्याला माफ असतो" म्हणा आणि बिस्कीट पुढे करा. दार लावून चोरून चहा प्यायचा नाही, बजावून ठेवते.

घर विकत नाही आहोत. बकरी ईदला चिपळूणलाच जायचं, कुर्बानी चाचांकडे, नेहमीसारखी.

अम्मी, उकडे तांदूळ आण, पाटा-वरवंटा आणू नकोस. सुकी मासळी डब्यात घट्ट बंद कर. रिपोर्टांची फाइल हातातल्या पिशवीत, इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फाला चिकटू न देता. रविवारी सकाळी गाडी पाठवते. अब्बा, ड्रायव्हरला पुढे बसून रस्ता सांगत बसू नका, मागे पाय लांब करून बसा.

तुमची,
बेबी