पप्याच्या कपाटातला गोळा

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

माझा गुडघा तसाच, आईची शुगर आटोक्यात. झालं. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. हिला यातलं काही ठाऊक नाही.

आपल्या पप्याने व्हेलची उलटी विकत घेतलीय. कपाटात, पंच्यात गुंडाळलेला मुठीएवढा राखाडी गोळा. कुणा 'पार्टी'ला दोन लाख मोजले, पुढचं गिऱ्हाईक म्हणे दुबईचं. तापलेली सुई टोचून खरा-खोटा बघायला निघाला होता, मी सुईच काढून घेतली.

म्हटलं, अरे, स्पर्म व्हेल हजार-हजार मीटर खाली बुडी मारून म्हाकूळ खातो. म्हाकळाच्या चोची पचत नाहीत. बहुतेक तो ओकून टाकतो. काही आतड्यात अडकतात, त्यांच्याभोवती हे साचत जातं, आणि तेही फार थोड्या व्हेलमध्ये. तुझ्या पार्टीला बरं सापडलं? तर म्हणतो, "मामा, अत्तरवाले सोन्याच्या भावाने घेतात." घेत असतील. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि ठाण्याच्या पेपरात अशा पकडलेल्यांच्या बातम्या काय कमी येतात?

म्हणजे बघ, गोळा खोटा निघाला तर दोन लाख बुडाले, खरा निघाला तर पोरगा आत. मी खोट्यासाठी नवस बोलायच्या बेतात आहे.

त्या प्राण्याच्या डोक्यातलं तेल मेण की चरबी, यावरून आपण प्रॅक्टिकलला भांडलो होतो. तू अजून चरबीच म्हणत असशील. मेणच रे, चरबी त्यात मिसळलेली! अंगाच्या उबेने पातळ राहतं, गार झालं की गोठतं. एकेका डोक्यात १,९०० लिटरपर्यंत. त्याच्या मेणबत्त्यांसाठी जहाजं जगभर हिंडली. दिव्यांना रॉकेल आलं तरी सुटका नाही, विसाव्या शतकात यंत्रांच्या वंगणासाठी त्याहून जास्त मारले. १९८६पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी. तो डोक्यातल्या तेलापायी मेला, हा त्याच्या पोटातल्या घाणीपायी मरणार. व्हेलचा मेंदू आठेक किलोचा, सगळ्या प्राण्यांत मोठा. पप्यासमोर तो विषय काढला नाही.

त्यांच्या माद्या कळपाने राहतात. आई खोल गेली की पिल्लाला तेवढी बुडी जमत नाही, ते वरच दुसऱ्या माद्यांपाशी थांबतं. ताई गेल्यावर आपण सगळ्यांनी पप्याला तसंच ठेवलं ना? वहिनींच्या हातचं तर तो माझ्या घरापेक्षा जास्त जेवलाय. म्हणून ओरडायला तोंड उघडतो आणि मिटतो.

विन्याचा वकील म्हणतो, गोळा कुठे हलवू नका, आधी पोराला माझ्यासमोर बसवा. पप्या माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. त्याला पोहायला तू शिकवलंस, मी काठावर कपडे सांभाळत होतो.

बढतीचं कळलं, अभिनंदन. पनवेलच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

शनिवारी ये. हिला सांग, तलावपाळीला भेळ खायला आलोय. आणि उत्तर व्हॉट्सॲपवर देऊ नकोस, गोळ्याचा फोटो तर मागूच नकोस.

तुझा,
अन्या